सिको ७००९: टेबलावर धावतं, हातावर बंद पडतं (दोषी सापडला!)

मंडळी, सापडलं एकदाचं! निळ्या डायलीचं माझं सिको फाइव्ह (आत ७००९ हे हाताच्या हालचालीवर भरणारं यंत्र) आठवत असेल; ते रात्रीत का बंद पडतं, असं मी इथे मागे विचारलं होतं. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स या डोलणाऱ्या चाकाचा झोका, २४० अंशांच्या आसपास, दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे, रेघ एकदम सरळ. पण दिवसभर हातात घालून रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. मडगावच्या एका गृहस्थांशी भाव ठरला होता, फोटो पाठवून झाले होते. पण रात्र न काढणारं घड्याळ विकायचं कोणत्या तोंडाने?

मागच्या वेळी बहुतेकांचं मत मेनस्प्रिंगकडे (घड्याळाला ताकद देणाऱ्या स्प्रिंगकडे) झुकलं होतं. बॅरलच्या (ती स्प्रिंग ज्या डबीत असते तिच्या) भिंतीवरचं, स्प्रिंगला घसरू न देणारं ब्रेकिंग ग्रीज गेलं की स्प्रिंग पुरती भरायच्या आधीच घसरायला लागते, त्यामुळे शंका रास्त होती. ७००९ ला क्राउनने (बाजूच्या बटणाने) चावी देता येत नाही, म्हणून झाकण उघडून रॅचेट व्हीलचा (बॅरलवरच्या दातेरी चाकाचा) स्क्रू पेचकसाने फिरवत स्प्रिंग पूर्ण भरली आणि घड्याळ सिलिका जेलच्या डब्यात ठेवलं. (पावसाळ्यात फोंड्याच्या हवेत झाकण उघडं ठेवून चहाला उठायचीसुद्धा सोय नाही, काच आतून धुरकट होते.) चाळीस तासांहून जास्त चाललं! म्हणजे स्प्रिंग ठीक, बॅरल ठीक, पुढची चाकंही ठीक. साठवलेली ताकद पुरत होती, पण हातावर असताना ती साठतच नव्हती.

मग उरला मॅजिक लिव्हर, हाताच्या हालचालीवर स्प्रिंग भरणारा भाग. सिकोने १९५९ मध्ये आणलेली ही रचना मला अजूनही थक्क करते. रोटर, म्हणजे हात हलला की फिरणारं वजन, पहिल्या रिडक्शन व्हीलला (गती कमी करणाऱ्या चाकाला) फिरवतो. त्या चाकावरची पिन मध्यापासून जरा बाजूला असते, म्हणून तिच्यावर बसवलेला लिव्हर पुढे-मागे हलत राहतो. त्याला दोन हात. एक हात दुसऱ्या रिडक्शन व्हीलचे दाते ढकलतो, दुसरा आकड्यासारखा त्यांना ओढतो. रोटर कुठल्याही बाजूला फिरो, ते चाक एकाच दिशेने सरकतं आणि स्प्रिंग भरत जाते. एवढ्याशा पत्र्यात दोन्ही दिशांचं काम!

रोटर काढला, दुसऱ्या रिडक्शन व्हीलच्या एका दात्यावर मार्करचा ठिपका दिला आणि लाकडी काडीने पहिलं चाक अगदी सावकाश फिरवलं. पिन पुढे गेली तसा ठिपका सरकला. पिन मागे आली आणि ठिपका जागच्या जागी. पुन्हा पुढे, सरकला. पुन्हा मागे, काही नाही. दहापट लूपखाली आकड्याचं टोक दात्यात न अडकता त्याच्या पाठीवरून घसरताना स्पष्ट दिसलं. टोक केसभर वर वाकलेलं होतं आणि भोवती पिवळट, चिकट ग्रीज थापलेलं होतं. आधीच्या कुणा कारागिराने लिव्हर बसवताना जोर लावला असणार आणि अडतंय म्हणून वंगण भरलं असणार. निम्मंच वाइंडिंग (स्प्रिंग भरणं) होत होतं. शेतात राबणाऱ्याच्या हातावर कदाचित ते भागलं असतं, माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातावर नाही.

टोक सरळ करायचा विचार मी सोडला. ते स्प्रिंगचं पोलाद आहे, वाकवताना तुटलं की संपलं. शिवाय चिमट्यावर भरवसा हवा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिमट्या-पेचकसांचे संच कृपा करून घेऊ नका. पेचकसाचं पातं मऊ असतं, ते स्क्रूची खाच खातं. एकच चांगला चिमटा घ्या, पण चांगला घ्या.

म्हणून शुक्रवारी म्हापशाचा बाजार गाठला. जुन्या वस्तू मांडून बसलेल्या एका काकांकडे बंद ७००९ मिळालं. "चालत नाही हो, पट्ट्याचेच पैसे द्या," म्हणाले. आठशेत दिलं. त्यांच्या मेव्हण्याने कुवेतहून आणलेलं, खिडकीत इंग्रजीसोबत अरबी वार. घरी उघडलं तर बॅलन्सचा पिव्हट (आसाचं टोक) मोडलेला, पण लिव्हर स्वच्छ, दोन्ही टोकं धारदार. ठिपक्याची परीक्षा लगेच घेतली: पिन पुढे जाताना सरकला, मागे येतानाही सरकला. तो आनंद तुम्हालाच सांगता येईल.

लिव्हर काढून निळ्यात टाकायचा, हा बेत होता. पण दोन्ही डायली शेजारी ठेवल्या आणि हात थांबला. कुवेतवाल्याची रुपेरी डायल कडेला थोडी डागाळली आहे, पण खाली सहाच्या आकड्याजवळ बारीक अक्षरांत जपान आणि डायलीचा नंबर स्वच्छ छापलेला आहे. माझ्या निळ्या डायलीवर तो नंबरच नाही, आणि खिडकीच्या कडेला रंगाचा थर जाड दिसतो. पुन्हा रंगवलेली डायल आहे ही. झाकणावरच्या सीरियलची सुरुवात ८ आणि एन, म्हणजे नोव्हेंबर १९७८ किंवा १९८८. डायलीचा रंग मात्र त्यानंतरचा.

हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. लिव्हर इकडे आणण्यापेक्षा निळ्याचा पूर्ण बॅलन्स, कॉकसकट (त्याला धरणाऱ्या पट्टीसकट), कुवेतवाल्यात बसवला तर? कॅलिबर (आतलं यंत्र) एकच, डायल अस्सल, अरबी वार जागच्या जागी, वाइंडिंग धडधाकट. तेच माझं मुख्य घड्याळ होईल. मग निळ्यासाठी आणखी एक डोनर (सुट्या भागांसाठीचं घड्याळ) शोधावा लागेल, हरकत नाही.

मडगावच्या गृहस्थांना फोन करून डायल रंगवलेली आहे आणि वाइंडिंग अर्धं आहे, असं स्पष्ट सांगितलं आणि विक्री थांबवली. त्यांनी रुपेरीचा फोटो मागितलाय. अजून पाठवलेला नाही, विकायचं मनात नाही.

आता आधी झाकणाची नवी गॅस्केट (पाणी-धूळ रोखणारी कडी), मग बॅलन्सची अदलाबदल, मग सलग आठवडाभर हातावर. कुणी ७००९ चा बॅलन्स दुसऱ्या ७००९ मध्ये टाकला असेल, तर बीट एरर (टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक) किती बदलला ते जरूर कळवा.