आमची वाटचाल : यंत्रापाशी नेण्याआधीची चाचणी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग आणि सीएनसी (संगणकीय आज्ञांवर चालणाऱ्या) या धातू कापणाऱ्या यंत्रांचे ऑपरेटर घडवणारी आमची छोटी प्रशिक्षण संस्था २०११ पासून चालू आहे. त्याआधी याच जागेत आमचे जॉबवर्कचे वर्कशॉप होते आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग आम्ही करीत असू. हाताखाली तयार झालेली मुले मोठ्या कारखान्यांत जात आणि त्यांच्या जागी नवी मुले शिकवावी लागत, त्यामुळे शिकवणे हाच आमचा अर्धा धंदा होऊन बसला होता. पुढे त्याचीच संस्था झाली. कागल, राधानगरी, गडहिंग्लज आणि सीमेपलीकडील निपाणीकडून येणारी ही मुले बहुतेक दहावी-बारावी झालेली असतात, काही आयटीआय केलेलीही असतात.

प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका पाहायची आणि दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी उभे करायचे, हीच या व्यवसायातील रूढ पद्धत आहे. पहिल्या काही बॅचेसमध्ये एक गोष्ट आमच्या ज्येष्ठ प्रशिक्षकांनी हेरली. मागे पडणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा हात उत्तम होता. जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, यंत्राच्या पकडीत (चकमध्ये) धरणे, कापायचे टूल घासणे, आवाजावरून कापाचा अंदाज घेणे त्यांना लवकर जमे. परंतु माप घ्यायचे, लिहायचे आणि त्यावरून हिशेब करायचा म्हटले की ती शेजाऱ्याच्या वहीकडे पाहत. एरवी अशा मुलावर ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. आमच्या प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेऊन साधी वजाबाकी सांगितली आणि अडचण यंत्राची नसून हातच्याची आहे हे तिथेच कळले. म्हणून आता यंत्रापाशी नेण्याआधी मुलांचे वाचन, लेखन आणि गणित यांची आम्ही चाचणी घेतो.

आमच्या कामात पायाभूत गणित कुठे लागते हे सांगितल्याशिवाय या निरीक्षणाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. नेहमीच्या मेट्रिक व्हर्निअर कॅलिपर या सरकत्या पट्टीच्या मापकाचे लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर असते. मुख्य पट्टीवर २४ आणि सरकत्या पट्टीवरची ३७वी रेघ जुळली असेल, तर ३७ला ०.०२ने गुणून आलेले ०.७४ त्यात मिळवायचे आणि २४.७४ असे वाचन लिहायचे. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या व्यासाला ०.०५ची सूट दोन्ही बाजूंनी, म्हणजे कमी किंवा जास्त, दिलेली असेल, तर २४.९६चा जॉब पास होतो आणि २५.०६चा नापास, हे मुलाला न विचारता कळले पाहिजे. ज्याला ०.३५ ही संख्या ०.५पेक्षा मोठी वाटते, कारण ३५ हे ५पेक्षा मोठे आहेत, त्याला व्हर्निअर कितीही वेळा दाखवले तरी उपयोग होत नाही. आणि असा विचार करणारी मुले दर बॅचमध्ये असतात. ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब मिनिटाला ३० मीटर या कर्तनवेगाने कापायचा असेल तर जॉबचे मिनिटाला फेरे सुमारे १९१ येतात, हा हिशेब पाय (π), गुणाकार आणि भागाकार एवढ्यावरच उभा आहे. सीएनसीवर तर यंत्र चालवणाऱ्या काही नियंत्रक-संगणकांना एक्स ५० अशी आज्ञा दशांशचिन्हाविना लिहिली की ते ५० मिलिमीटर न समजता ०.०५ मिलिमीटर समजतात. एका टिंबाने टूल जॉबमध्ये घुसते, आणि हे टिंब कशासाठी असते ते शाळेतच समजलेले असावे लागते.

ही परिस्थिती आमच्या भागापुरती नाही. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २००५ पासून ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासले आहे. त्याच्या २०२३च्या फेरीत २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. आमच्या दारी येतो तो नेमका हाच वयोगट. दहावीच्या गुणपत्रिकेवर पास ही नोंद असते, पण भागाकार येतो की नाही याची नोंद त्यावर नसते.

आमची चाचणी मुद्दाम साधी ठेवली आहे. वाचनासाठी यंत्राजवळच्या सुरक्षासूचनेसारखा आठ-दहा ओळींचा मराठी मजकूर मोठ्याने वाचायला देतो आणि नंतर त्यात सांगितलेली कृती करून दाखवायला सांगतो, कारण अडखळत वाचून अर्थ बरोबर सांगणारी मुले असतात आणि घडाघडा वाचून काहीच न समजलेलीही असतात. लेखनासाठी एक जॉब होताना पाहायला लावून, पुढच्या पाळीच्या माणसाला काय सांगाल ते चार-पाच ओळींत लिहायला सांगतो. शुद्धलेखनाचे गुण आम्ही कापत नाही. कोणता टूल बदलला, कितवा पीस नापास झाला आणि का, एवढे वाचणाऱ्याला समजले की पुरे. गणितात ३.५, ३.४५, ३.४०५ आणि ३.०५४ चढत्या क्रमाने लावणे, २४० पिसांतील ६ नापास म्हणजे किती टक्के ते काढणे, आणि तोंडी सांगितलेल्या संख्या लिहिणे एवढेच असते. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुले मराठी माध्यमातही भेटतात, इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचे तर विचारूच नका, आणि वर्कशॉपमध्ये मापे ओरडूनच सांगितली जातात. वाचताना कागद डोळ्यांजवळ नेणारा मुलगा दिसला की आधी डोळे तपासून घ्यायला पाठवतो. काहींचे वाचन नुसत्या चष्म्याने सुधारले आहे.

ही चाचणी कार्यालयातील कारकुनाने किंवा संगणकाने घ्यावी, असे आम्हांला अनेकांनी सुचवले. त्यात वेळ वाचतो हे खरे आहे. तरीही आमच्याकडे ती त्या बॅचला शिकवणारा प्रशिक्षकच घेतो, आणि या बाबतीत मी हट्टी आहे. उत्तर चुकले एवढे गुणांवरून कळते. ते कसे चुकले हे समोर बसलेल्यालाच दिसते. एकाला हातचा घेता येत नाही, दुसऱ्याला प्रश्नच वाचता आलेला नाही, तिसरा घाबरलेला आहे; तिघांचेही गुण शून्य, पण तिघांना शिकवायचे वेगवेगळे. शिवाय प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटे एकट्याने बोलल्यामुळे प्रशिक्षकाला आपली बॅच पहिल्याच आठवड्यात ओळखीची होते, आणि पहिला धडा कुठून सुरू करायचा हे तो स्वतः ठरवू शकतो.

चाचणीवरून आम्ही कोणाचाही प्रवेश नाकारत नाही आणि निकाल भिंतीवर लावत नाही. ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांच्यासाठी सकाळी यंत्रे सुरू होण्याआधी तासभर वाचन-गणिताचा वर्ग असतो. तिथे पाटीवरचे अपूर्णांक न शिकवता पट्टी, व्हर्निअर आणि नापास झालेले जॉब घेऊन शिकवतो, म्हणजे मोठ्या मुलाला पुन्हा प्राथमिक शाळेत बसवल्यासारखे वाटत नाही. पालकांचा आक्षेप सुरुवातीला असतो. फी यंत्र शिकण्यासाठी भरली, गणितासाठी नाही, असे ते स्पष्ट सांगतात. मुलाने स्वतः मोजलेले माप घरी सांगितले की तो आक्षेप सहसा मावळतो. ज्यांचा मावळत नाही अशांपैकी काही जण प्रवेश काढून घेतात आणि त्यांची फी आम्ही परत करतो. छोट्या संस्थेला हा फटका जाणवतो, आणि तो आमच्या हिशेबात आम्ही धरलेला आहे.

गेल्या काही वर्षांत परिसरातील कारखानदार आपल्या जुन्या हेल्परांना ऑपरेटर करण्याआधी आमच्याकडे पाठवू लागले आहेत. ही माणसे चाळिशीची असतात, यंत्राची त्यांना आमच्या मुलांपेक्षा जास्त समज असते आणि चाचणीला बसायचा संकोचही जास्त असतो. त्यांच्यापुढे आम्ही चाचणीचा कागद ठेवत नाही. प्रशिक्षक त्यांच्याबरोबर यंत्रापाशी उभा राहून, काम चालू असतानाच ड्रॉइंग वाचायला आणि मापे लिहायला सांगतो, आणि नोंदी नंतर स्वतः करतो. त्यांचा वाचन-गणिताचा वर्ग त्यांच्या पाळ्या सांभाळून संध्याकाळी सहानंतर भरतो.