'मावशी अशी चलता'

शुक्रवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही.

पाच दिवस झाले, डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते. रविवारी ताईच्या धाकट्याने माझी चाल करून दाखवली. एवढंच.

मागितली मीच होती, म्हणजे माझी नव्हे, त्याची. अ‍ॅनिमेशनच्या क्लाससाठी काढलेला माझा चित्रातला माणूस काही केल्या चालत नव्हता. शेवाळलेल्या अंगणात पाय सटकावा तसा जागच्या जागी घसरत होता. म्हटलं, "जरा चालून दाखव रे, मोबाइलवर घेते." दोनदा तो सरळ चालला, हॉलमधून बाल्कनीपर्यंत. तिसऱ्यांदा कुणी न सांगता सुरू झाला: उजवा खांदा वर, कोपर बरगडीला चिकटलेली, पट्टा पकडल्यासारखी मूठ, मान खाली आणि तुरुतुरु पावलं. "पळय, मावशी अशी चलता." ताई हसली. आई पण हसली, मग मला लागेल म्हणून एकदम थांबली आणि म्हणाली, "खरेंच गो, अशीच चलता तूं."

थांबली नसती तर बरं होतं. (ताईचं हसणं वेगळंच होतं, पण ते आज नको.)

दोन महिने मी लोकांचे पाय बघते आहे. टाच टेकली की कॉन्टॅक्ट. मग पुढच्या गुडघ्यावर भार येऊन अंग खाली जातं, तो डाऊन. मागचा पाय दुमडून उभ्या पायाशेजारून निघतो, तो पासिंग, आणि पुढचं पाऊल पडण्याआधी अंग सगळ्यात उंच होतं, तो अप. झोपेत विचारा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं; मी माझं एक चित्र दोन फ्रेम धरते आणि दोन पावलं सेकंदात बसवते, म्हणजे दोन पावलांना १२ चित्रं. बसस्टॉपवर लोकांच्या टाचा मोजत उभी राहिले आणि एक बस सोडली. आणि या सगळ्यात स्वतःची चाल एकदाही पाहिली नाही! धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हे दाखवायला छायाचित्रकार मायब्रिजला १८७८ साली ओळीने कॅमेरे लावावे लागले. माझ्यासाठी नऊ वर्षांचं पोर पुरलं.

वाईट कशाचं वाटलं, तेच कळत नाही. नक्कल छान होती. चाल कुरूप म्हणावी, तर तसंही नाही. पण ती भ्यालेल्या बाईची चाल होती. म्हापसा ते पणजी उभ्याने जाताना बॅग धरायची सवय, चौदा वर्षांची. बसमध्ये ठीक आहे, पण हॉलमध्ये? आईच्या घरात कोण खेचणार आहे माझी बॅग? कुडचड्याची ती नोकरीची जागा घेतली असती तर... जाऊ दे.

आणि या वयात हे शिकायला कोणी सांगितलं होतं? बरोबरचे सगळे विशी-बाविशीतले, त्यांची माणसं एव्हाना जिने चढतात. माझा अजून घसरतो. कारण कळलंय, इलाज जमत नाही: माणूस कागदावर जागेवरच चालतो, म्हणून टेकलेला पाय दर चित्रात सारख्याच अंतराने मागे जायला हवा, माझा कधी चार मिलिमीटर जातो, कधी नऊ.

आज म्हापशाच्या बाजारात तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याच्या भाजीची, जुडी घेताना ठरवून हात सोडून चालले. मोकळा, झुलता, सगळ्या जगाचा असतो तसा. दहा पावलांत उजवा हात आणि उजवा पाय एकदमच पुढे! शाळेच्या कवायतीत एक मुलगा हमखास असा चालायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. आता कळलं, बिचारा विचार करत असणार. समोरून एक बाई आली, डोक्यावर माशांची टोपली, खाली सगळं हलतंय आणि डोकं मात्र कातळासारखं. वर-खाली व्हायचं ते सगळं तिने गुडघ्यांत आणि कमरेत जिरवलं होतं. मी बघतच राहिले. "कितें जाय गो?" तिने विचारलं. काय सांगणार? अर्धा डझन बांगडे घेतले. सोमवारपर्यंत घरात श्रावण आहे हे नंतर आठवलं. शेजारी दिले.

घरी येऊन धाकट्याचा व्हिडिओ लावला. तिसरा. थांबवून थांबवून बघितला आणि घसरणाऱ्या माणसाला रजा देऊन या भ्यालेल्या बाईलाच काढायला घेतलं. उजवा हात झुलतच नाही, म्हणजे एक हात फुकटात वाचला! खांद्यावर चिकटवला की झालं. पावलं आखूड, त्यामुळे अंतर चुकायलाही जागा कमी. मोजपट्टी घेऊन बसले, दर चित्राला पाच मिलिमीटर. चित्रं पुन्हा पुन्हा फिरत राहतील अशी लावली, तर पहिल्यांदा दर फेरीला क्षणभर अडखळायची. तेरावं चित्र म्हणजे पहिलंच, ते चुकून राहिलं होतं. पुसलं.

चालली. घाईघाईने, मान खाली घालून, पण पाय जमिनीवर. अर्धा तास नुसती बघत बसले तिच्याकडे. कुठे निघाली आहे बाई इतक्या लगबगीने?

ताईला पाठवलं. धाकटा जागाच होता, त्याचं उत्तर आलं: "बॅग खंय?"

काढलीच नव्हती. नुसती मूठ. बॅग काढायची तर ती अंगाच्या मागून, एक-दोन चित्रं उशिराने हलणार. म्हणजे पुन्हा १२ चित्रं.