कळलावी, कडक लिनो आणि न वाळणारी शाई

शाळेत भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनीच उमटवलेत. लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून ते शाईने कागदावर छापणं, हे त्याचंच थोरलं भावंड, असं समजून मी जुलैत उत्साहाने सुरुवात केली. हातात पहिला धड ठसा आला तेव्हा गणपती येऊन गेले होते.

फुलाबद्दल शंका नव्हतीच. कळलावी. पावसाळ्यात अंजनेरीच्या वाटेवर झुडपांचा आधार घेत चढलेली दिसते. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या उलट्या वळून वर गेलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाकडे लाल. पानाचं टोकच वळून तणावा होतं आणि वेल त्यानेच पकड घेतो. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "ते फूल घरात आणू नकोस हं, भांडणं लागतात." भांडणांचं माहीत नाही, पण झाड विषारी आहे, कंद तर फारच, त्यामुळे न तोडण्याचा सल्ला योग्यच. छत्री मानेत धरून तिथेच चित्र काढलं. वहीचं पान ओलं झालं, पण रेघा शाबूत राहिल्या.

मग लिनो. गावातल्या एका कलासाहित्याच्या दुकानात विचारलं. "संपलाय ताई, सोमवारी येईल." सोमवारी गेले. "गाडी आली नाही, पुढच्या सोमवारी नक्की." असे चार सोमवार! दर वेळी ऑफिसमधून अर्धा तास लवकर निघायचं, पार्किंग शोधायचं, आणि काउंटरवरचा मुलगा मान वर न करता तेच वाक्य म्हणणार. फोन नंबर लिहून घेतला होता, तो बहुधा माझ्या समाधानासाठी. मधल्या काळात फरशीवर अंथरायचं लिनोलियम विकणाऱ्याकडेही जाऊन आले. त्याने दिलं ते निव्वळ प्लास्टिक. खरा लिनो जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुगा यांचा असतो, मागे तागाचं कापड असतं, आणि नाकाजवळ नेला की तेलाचा वास येतो. तागाचं कापड दिसलं नाही तर पैसे देऊ नका.

पाचव्या सोमवारी त्या मुलाने माळ्यावरून एक धुळकट गुंडाळी काढली. "हा घ्या, ओरिजिनल आहे." होताही ओरिजिनल. फक्त किती वर्षं वर पडून होता देव जाणे. घरी येऊन उलगडायला गेले तर कडेला तडकला. कोरणी लावली तर पापडावर सुरी चालवावी तसा नुसता चरचर आवाज, आणि रेघ फुटलेली. परत करायला गेले. "कापलेला माल परत घेत नाही." मी कापला नव्हता हो, तो आपणच तडकला होता! त्या दिवशी दुकानात मी जे बोलले ते ऐकून सासूबाई म्हणाल्या असत्या, बघ, कळलावी घरात न आणता लागली.

तर दुकानातच दोन गोष्टी करा. अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटली पाहिजे. कोपरा अलगद वाकवून बघा. मी यातलं काही केलं नाही, म्हणून पुढचे दोन आठवडे त्या दगडाला शेकत बसले. श्रावणात उन्हाचा पत्ता नव्हता. पंच्याची घडी ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली, नंतर सासूबाईंची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी मागून घेतली. ही पिशवी सगळ्यात कामाची निघाली. लिनो तिच्यावर ठेवायचा, ऊब लागली की पाचेक मिनिटं कोरणी लोण्यासारखी चालते, पुन्हा कडक झाला की पुन्हा शेक. नागमोडी कडा कोरताना कोरणी नाही, लिनो फिरवायचा. आणि धरलेला हात कायम धारेच्या मागे. माझा डावा अंगठा पुढे होता, त्याची खूण अजून आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं: चित्र उलटं उमटतं. ट्रेसिंगचा कागद पालथा करून लिनोवर घासा. माझी वेल बरोबर निघाली, सही मात्र उलटी.

छापणं एका दुपारी झालं. काचेवर शाई रोलरने पातळ पसरायची, चिकट सळसळ ऐकू आली की बेत जमला. जाड लावली तर बारीक रेघा बुजतात. शाई लावलेल्या लिनोवर ठेवायचा कागद पातळच घ्या, आणि वरणाच्या डावाच्या पाठीने मधून बाहेर घासत जा. तेलाची शाई आधी गोडेतेलाने पुसायची, मग भांड्यांच्या साबणाने.

आता गंमत अशी की या शाईतही तेच जवसाचं तेल. त्याला हवा लागते तसतसं ते घट्ट होत जातं, लिनो माळ्यावर पडून कडक झाला तो त्यामुळेच. म्हणजे जे तेल वाळायला नको होतं ते दुकानात वाळून दगड झालं, आणि माझ्या दोरीवर वाळायला हवं होतं ते नाशिकच्या ओल्या हवेत अकरा दिवस चिकट. पंखा लावला, खिडक्या मिटल्या, कापडाचे चिमटे लावून बारा कळलाव्या हॉलभर टांगल्या. जेवायला सगळे वाकून जात होते.

त्यातल्या तीन ठशांच्या कोपऱ्यात एक काळा, गोल डाग आहे. वाळलं का ते सासूबाई रोज सकाळी बोट लावून बघायच्या.