तुम्ही विचारलंत म्हणून: बाजू कोणाची, आणि यात करिअर होतं का?

मी इस्लामचा इतिहास शिकवते, आणि माझं स्वतःचं संशोधन ख्रिश्चन-मुस्लिम संबंधांवर आहे, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तुम्ही तर या दोन्हीतल्या कुठल्याच धर्माच्या नाही, मग यात कशा पडलात, आणि शेवटी तुमची बाजू कोणाची? त्याला कधी कधी अजून एक शेपूट असतं, की मुलीला किंवा मुलाला यात करिअर करायचंय, स्कोप आहे का. मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देते आणि ते अर्धवट राहतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

मला यात ओढलं ते एका पत्राने. आठव्या शतकात पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख होते पॅट्रिआर्क टिमथी पहिले, त्यांची गादी बगदादला. 781-82 च्या सुमारास अब्बासी खलिफा अल-महदीशी त्यांची दोन दिवस धर्मचर्चा झाली आणि ती त्यांनी नंतर सिरियाक भाषेत (तिकडच्या ख्रिश्चनांची ॲरमाइक) पत्र म्हणून लिहून ठेवली. खलिफा आडपडदा न ठेवता विचारतो, देवाला मुलगा कसा असेल, एक आणि तीन एकाच वेळी कसं काय, आणि आमच्या पैगंबरांबद्दल तुमचं मत काय. हा शेवटचा प्रश्न किती अवघड आहे बघा, विचारणारा राज्याचा मालक आणि उत्तर देणारा त्याच्याच राज्यातल्या एका अल्पसंख्य समाजाचा पुढारी. टिमथी म्हणतात, मुहम्मद नबींच्या, म्हणजे देवाच्या संदेष्ट्यांच्या, वाटेने चालले, लोकांना मूर्तिपूजेपासून दूर करून एका देवाकडे वळवलं. ते नबी होते असं काही ते कबूल करत नाहीत, पण जे म्हणतात ते नुसतं जीव वाचवायला म्हटलंय असंही वाचताना वाटत नाही. मग ते मोत्याचा दृष्टांत देतात, मध्यरात्री अंधाऱ्या घरात सगळे जमलेत, मोती खाली पडतो, एकाच्याच हाती तो लागतो, बाकीच्यांच्या हाती काच किंवा मातीचं ढेकूळ, पण प्रत्येकाला वाटतं मोती माझ्याकडेच आहे, आणि कोणाकडे आहे ते उजाडल्यावरच कळणार. एवढं सांगूनही ते थांबत नाहीत, या जगातही थोडंफार ओळखता येतं असं म्हणतात आणि मोती आपल्याच हातात असल्याचं पुन्हा मांडायला लागतात. आणि याच खलिफाने याच टिमथींना ॲरिस्टॉटलचं एक पुस्तक अरबीत आणून द्यायचं काम सांगितलं होतं, पुस्तक कुठलं तर टॉपिक्स, ज्यात वादविवाद कसा करायचा ते शिकवलंय. हे वाचलं तेव्हा मला दुसरा विषय सुचेना.

आता याच पत्रावर इतिहासकार म्हणून बसलं की खरं काम सुरू होतं, कारण हे पत्र एकाच बाजूने लिहिलंय. खलिफाचे प्रश्नसुद्धा टिमथींच्या हातून आपल्यापर्यंत आलेत, मग त्यातलं दरबारात खरंच बोललं गेलेलं किती आणि आपल्या लोकांना अशा प्रश्नांची उत्तरं शिकवायला नंतर रचलेलं किती? मग त्या काळातले मुस्लिम लेखक ख्रिस्ती मताबद्दल काय लिहीत होते ते वाचायचं, दुसऱ्या ख्रिश्चनांनी कशी उत्तरं दिली ते बघायचं. दमास्कसचा जॉन, ज्याच्या घराण्याने उमय्यांच्या, म्हणजे अब्बासींच्या आधीच्या खलिफा घराण्याच्या, कारभारात नोकरी केली, तो इस्लामला पाखंडांच्या यादीत घालतो आणि ग्रीकमध्ये लिहितो. पुढच्या काही पिढ्यांत हर्रानचा बिशप थिओडोर अबू कुर्रा अरबीत लिहायला लागलेला असतो, म्हणजे वाद घालायची भाषासुद्धा समोरच्याचीच झालेली. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठात आठव्या शतकातलं एक अरबी लिखाण सापडलं, त्यात त्रैक्य (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन, ही ख्रिस्ती श्रद्धा) समजावताना लेखक बायबलसोबत कुराणातले दाखले देतो! हा बदल बघायला मला अजूनही तेवढंच आवडतं.

त्यामुळे यातली अर्धी वर्षं भाषांत जातात हे आधीच सांगून ठेवते. अरबी तर हवीच, सुरुवातीच्या शतकांवर काम करायचं तर सिरियाक आणि ग्रीक, स्पेन-इटलीकडे वळायचं तर लॅटिन, मोगल किंवा इराण घ्यायचं तर फारसी. वर जर्मन आणि फ्रेंच वाचता यायला लागतं, कारण अरबीत लिहिणाऱ्या ख्रिश्चनांच्या साहित्याचा पाच खंडांचा पायाभूत इतिहास गेओर्ग ग्राफने 1944 ते 1953 मध्ये जर्मनमध्ये लिहिला आणि आजही तो उघडल्याशिवाय पान हलत नाही. पीएचडी, मग पोस्टडॉक, मग तात्पुरत्या नोकऱ्या, हा रस्ता इतर ह्युमॅनिटीजसारखाच आहे, त्यावर वेगळं काय सांगू.

आता बाजूचा प्रश्न. 1142 मध्ये फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख पीटर स्पेनला गेले आणि त्यांनी कुराणाचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, रॉबर्ट ऑफ केटनने ते 1143 मध्ये पूर्ण केलं. पीटर मुस्लिमांना उद्देशून म्हणतात, मी तुमच्यावर शस्त्राने नाही तर शब्दाने चालून येतोय, द्वेषाने नाही तर प्रेमाने. भाषांतराच्या नावातच मात्र पैगंबरांना खोटा संदेष्टा म्हटलंय. आणि भाषांतर बारकाईने तपासलं तर दिसतं की रॉबर्टने अवघड जागी मुस्लिम तफ्सीरकारांचे, म्हणजे कुराणाच्या भाष्यकारांचे, अर्थ घेतलेत, म्हणजे ज्या ग्रंथाचं खंडन करायचं तो समजून घ्यायला त्याने त्या ग्रंथाच्या भक्तांचीच मदत घेतली. शिवी आणि कष्ट दोन्ही एकाच पुस्तकात. लेक्चरनंतर कोणी फक्त नाव दाखवतो आणि म्हणतो बघा किती द्वेष, कोणी फक्त तफ्सीर दाखवतो आणि म्हणतो बघा किती संवाद, आणि मला दोघांनाही थांबवावं लागतं. क्रूसेडच्या काळातला सीरियाचा मुस्लिम सरदार आणि लेखक उसामा इब्न मुनकिझ, त्याचं तसंच. जेरुसलेममध्ये आपले टेम्पलर (ख्रिश्चन लढवय्या साधूंचा पंथ) मित्र आपल्याला नमाजासाठी जागा मोकळी करून द्यायचे, नवीन आलेल्या एका फ्रँकने, म्हणजे युरोपातल्या ख्रिश्चनाने, त्रास दिला तर त्यांनीच त्याला बाहेर काढून माफी मागितली, हे तो प्रेमाने लिहितो, आणि तोच माणूस फ्रँक म्हणजे फक्त लढण्यात शूर असलेली जनावरं असंही लिहितो. मला या दोन वाक्यांपैकी एक निवडायचं नाहीये. सौहार्दाच्या कार्यक्रमांना बोलावतात तेव्हा पहिलं वाक्य हवं असतं, टीव्हीवाल्यांना दुसरं, आणि दोन्ही सांगितली की पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. चालेल मला.

बाजूच विचारत असाल तर माझी बाजू एवढीच, की मेलेल्या माणसाने जे म्हटलं ते पूर्ण सांगितलं जावं, आणि मी लिहिलेलं त्याच्या धर्माच्या आजच्या माणसाने वाचलं तर त्याला वाटावं की हो, आमचं म्हणणं हिने बरोबर मांडलंय, पुढचे निष्कर्ष पटोत न पटोत. मी बाहेरची आहे याचा मला तोटा होतो, घरात लहानपणी कानावर पडून जे कळतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं. फायदा फार मोठा आहे असं मी म्हणणार नाही, मात्र आग्र्याच्या 1854 च्या ख्रिश्चन-मुस्लिम जाहीर वादात कोण जिंकलं हे सिद्ध करायची मला गरज वाटत नाही, आणि त्यामुळे त्यातलं दुसरं काहीतरी दिसतं. एका बाजूला जर्मन मिशनरी फांडर, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांच्या मदतीला डॉ. वझीर खान. एप्रिलमध्ये दोन दिवस वाद झाला आणि थांबला. फांडर जुन्या मुद्द्यांची तयारी करून आलेला, आणि समोरच्यांनी बायबलच्या पाठभेदांवरचं युरोपातल्याच पंडितांचं संशोधन पुढे ठेवलं. 1857 नंतर रहमतुल्ला मक्केला गेले, पुढे इस्तंबूलला त्यांनी अरबीत इझहार अल-हक हे ख्रिस्ती मताचं खंडन करणारं पुस्तक लिहिलं आणि ते मुस्लिम जगात दूरवर वाचलं गेलं. युरोपातली चर्चची अंतर्गत भांडणं आग्र्याहून मक्केला कशी पोचली, हा प्रश्न मला कोण जिंकलं यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

स्कोपबद्दल आता. हे क्षेत्र स्वतःच बदलत आलंय. 1911 मध्ये सुरू झालेलं द मुस्लिम वर्ल्ड हे जर्नल मिशनरी हेतूने निघालं होतं, आज ते पूर्ण ॲकॅडमिक आहे. 1965 मध्ये व्हॅटिकनच्या नोस्त्रा एताते या जाहीरनाम्याने मुस्लिमांबद्दल आदराची भाषा वापरली, 1975 ला रोमहून इस्लामोक्रिस्तियाना निघालं, 1976 ला बर्मिंगहॅमला याच विषयाचं सेंटर उभं राहिलं. तरी स्वतंत्र पोस्ट फार कमी निघतात. इतिहासवाले म्हणतात हे थिऑलॉजी आहे, थिऑलॉजीवाले म्हणतात हा इतिहास आहे, मिडल ईस्टवाल्यांना आधुनिक राजकारण शिकवणारं कोणी हवं असतं. एका ठिकाणी इंटरव्ह्यूमध्ये मला सरळ विचारलं गेलं की तुम्ही ना इकडच्या ना तिकडच्या, विद्यार्थी विश्वास कसा ठेवतील, आणि नोकरी दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. म्हणून मुलीला सांगा की पीएचडीला विषय अरुंद घेतला तरी शिकवायची तयारी रुंद ठेव, इस्लामचा सर्वसाधारण इतिहास, मध्ययुग, अरबी भाषा, यातलं काहीही पडलं तरी वर्ग घेता आला पाहिजे.

काम मात्र भरपूर पडलंय. कितीतरी हस्तलिखितं अजून कोणी संपादित केलेली नाहीत. मिनेसोटाच्या हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररीने इराक आणि सिरियातल्या संग्रहांचे फोटो काढून ठेवलेत, त्यातल्या काही हस्तलिखितांचा युद्धानंतर पत्ता नाही, फोटोच उरलेत, आणि खातं उघडलं की ते फुकट वाचता येतात. तिची अरबी पक्की झाली की तिथलं एखादं छोटं, कोणी हात न लावलेलं लिखाण घेऊन बसायला सांगा, आणि अडली तर मला मेल करायला सांगा, मी उत्तर देते.