बोटभर फट

मिशिगनमध्ये लेकीच्या घरामागे एक तळं आहे. तळं म्हणजे, वस्तीतलं पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा. पहिल्याच सकाळी त्याच्या काठावर ओळखीचं कोणीतरी दिसलं. पाणकणीस! बाजरीचं कणीस ज्याने पाहिलंय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. इथे त्याला मांजराची शेपटी म्हणतात. असो, ज्याची त्याची मांजरं.

नातीला उन्हाळी शिबिरात काम दिलं होतं, इथलं मूळचं पाणकणीस ओळखायचं. "आजी, एक इथलं आहे आणि एक युरोपमधून आलेलं." मला तर सगळी एकाच आईची लेकरं दिसत होती. पण गमबूट घालून चिखलात उतरलो आणि फूटपट्टी काढली.

एकाच दांड्यावर वर नर फुलं, खाली मादी फुलं. वरची पराग सांडून गळून जातात आणि खालच्यांची ती तपकिरी मखमल होते. इथल्या मूळच्या जातीत हे दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले असतात, पानंही चांगली दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. ओजिब्वे लोक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक जमात, ह्या पानांच्या चटया विणून घराला लावायचे. दुसऱ्या जातीची पानं करंगळीहून बारीक, आणि नर-मादीच्या मध्ये बोटभर उघडा दांडा.

त्या फटीपाशी माझं बोट थांबलं. आमच्या गावच्या पाझर तलावातल्या कणसाला अशीच फट असायची. भाऊ नेमका तिथेच धरून वरचा तुरा मोडायचा. आपल्याकडची जात वेगळी, पण तोंडवळा नेमका ह्या पाहुणीचा. व्हिसावर आलेल्या मला जरा हसूच आलं.

नातीने तिसरं कणीस धरलं. फट होती, पण जेमतेम अर्धा सेंटिमीटर. पान ना रुंद ना बारीक. ही दोघींची संकरित संतती. ग्रेट लेक्स ह्या इथल्या मोठ्या सरोवरांच्या दलदलीत सगळ्यात दांडगाई हिचीच. चिखलाखालून खोड पसरवत जाते आणि वाळलेल्या पानांचा असा थर घालते की खाली दुसरं काही उगवायची सोय नाही. नातीच्या कागदावर चौकटी मात्र दोनच, 'इथलं' आणि 'बाहेरचं'. तिने पेन्सिल चावत बराच विचार केला आणि मधल्या रेषेवरच बरोबरची खूण ठोकून दिली.

परतताना गेल्या वर्षीचं एक जुनं कणीस अजून उभं दिसलं. राहवलं नाही. अंगठा रोवून पिळलं आणि म्हातारीच्या केसांसारखा कापूस भसकन बाहेर आला. नातीच्या केसांत, माझ्या स्वेटरवर, तळ्यावर. एका कणसात लाखभर तरी बिया. कुठल्या जातीच्या, देव जाणे.

मागच्या दारातून लेक ओरडली, "आधी बाहेर झटका, मग घरात या!"

शब्द न् शब्द माझ्या आईचा.