घोट्यात स्क्रू की बटण?

कबड्डीच्या सरावात पाय मॅटवर अडकला आणि अंग गर्रकन फिरलं. सूज बेताचीच होती. दुखत होतं ते नेहमीच्या मुरगळण्याच्या जागी नाही, तर घोट्याच्या वर, पुढच्या बाजूला. परळच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली आणि कळ थेट खाली घोट्यात उतरली. त्यांनी लगेच दोन्ही पायांवर भार देऊन उभ्याने एक्स-रे काढायला लावला. हाड शाबूत होतं, पण नडगीचं हाड आणि बाजूचं बारीक हाड यांच्यातली फट दुसऱ्या पायापेक्षा रुंद दिसत होती. एमआरआयने खात्री झाली : दोघांना बांधून ठेवणारी लिगामेंट्स फाटली होती. या सांध्याला सिंडेस्मोसिस म्हणतात.

“एवढीशी फट, तिला ऑपरेशन कशाला?” आईचा प्रश्न रास्त होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. या दोन हाडांच्या खोबणीत टेलस नावाचं हाड बसतं. ते १ मिलिमीटर जरी बाहेर सरकलं, तरी सांध्यातला संपर्क ४२ टक्क्यांनी घटतो, असं १९७६ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. मग सगळा भार थोड्याशा जागेवर येतो आणि कूर्चा झिजते.

फट बांधायची कशाने, हा खरा निर्णय. स्क्रू स्वस्त आणि घट्ट. पण चालताना बारीक हाड किंचित हलतं; स्क्रू ते हलणं रोखतो, म्हणून कधी सैल होतो, कधी तुटतो. काही सर्जन तीनेक महिन्यांनी तो काढतात, काही तसाच ठेवतात. दुसरा उपाय सुचर बटणाचा : दोन्ही हाडांतून आरपार मजबूत दोरा आणि दोन टोकांना धातूची छोटी बटणं. थोडी हालचाल राहते, सहसा दुसरं ऑपरेशन लागत नाही. मात्र महाग, आणि क्वचित गाठ कातडीखाली टोचते. डॉक्टर म्हणाले, हाडं जागच्या जागी बसणं सर्वांत महत्त्वाचं, साधन त्यानंतर. पुन्हा टेबलावर जायचं नव्हतं, म्हणून मी बटण निवडलं. मेडिक्लेमसाठी इम्प्लांटचं स्टिकर बिलाला जोडलेलं असावं लागतं, ते डिस्चार्जच्या वेळीच बघून घ्या.

शेजारच्या खाटेवरच्या काकांचा पाय वारंवार मुरगळायचा. त्यांची घोट्याच्या बाहेरच्या बाजूची सैल लिगामेंट्स आखडून अँकरने, म्हणजे हाडात रुतवलेल्या दोरा लावलेल्या छोट्या खुंटीने, हाडाला शिवली होती. ब्रॉस्ट्रॉम या स्वीडिश सर्जनने १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे आजचं रूप.

पाठीत भूल दिली होती, त्यामुळे ऑपरेशन सोपं गेलं. फिजिओ मात्र चिकाटीची परीक्षा. “दादा, गुडघा भिंतीला लावा, टाच उचलायची नाही,” मॅडम रोज सांगत. दादरच्या पुलाचे जिने चढणं आधी जमलं. उतरताना घोटा जास्त वाकावा लागतो, त्याला वेळ लागला. आता एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या की मॅटवर उतरायची परवानगी आहे.