अंड्यांचा खोका आणि एकोणीस

मंगळवारी संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि लेक मागे बसून गाजराच्या चकत्या मोजत होती. "ईन देग ईन, ईन देग दाय..." ही वेल्श. कार्डिफमधली तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, पण वेल्समध्ये वेल्श सगळ्याच मुलांना शिकवतात. मी अर्थ विचारला. "एक दहा एक, एक दहा दोन." मग एकवीस? "दाय देग ईन." म्हणजे दोन दहा एक.

मला एकदम 2019 चा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसच्या जागी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा काय गदारोळ झाला, ते तुम्हाला सांगायला नको. मीही चिडलेल्यांतच होते. जोडाक्षरांपाशी मुलं अडखळतात, शिवाय आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी, त्यात ती गोंधळतात, असं बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. मी तेव्हा ऐकूनच घेतलं नाही. आता माझीच मुलगी सत्तेचाळीस म्हटलं की 74 लिहिते. गेले आठ महिने लिहिते आहे. तीच संख्या वेल्शमध्ये सांगितली की एकदाही चुकत नाही.

हे मला फार लागलं. घरात मराठी टिकावी म्हणून मी अंक मराठीतच मोजायला लावते आणि नेमकी तिथेच ती अडते.

त्यात शाळेचं वेगळंच. दुसरीत आहे, पण गृहपाठाची वही नाही. दर शुक्रवारी एक कापडी पिशवी घरी येते: दोन फासे, डॉमिनो आणि 'रोज दहा मिनिटं खेळा' अशी चिठ्ठी. मिरजेहून आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "पाढे कुठवर आले गं?" काय सांगू? शेजारी इंग्लंडमध्ये चौथीला पाढ्यांची चाचणी तरी असते, 25 प्रश्न आणि प्रत्येकाला 6 सेकंद. वेल्समध्ये तीही नाही. आपल्याकडे या वयात दहापर्यंत पाढे तोंडपाठ असतात आणि ते आयुष्यभर उपयोगी पडतात, हे माझं मत अजूनही बदललेलं नाही. झोपताना दोनचा आणि पाचचा आम्ही म्हणतोच.

पण चिठ्ठीचा राग धरूनही त्या दहा मिनिटांची मला सवय लागली. इथे दहा अंड्यांचा खोका मिळतो, पाच-पाचच्या दोन ओळींचा. असे रिकामे खोके मी जमवले. आई आम्हाला चिंचोक्यांवर मोजायला शिकवायची. इथे कपाटात राजमा होता, तो घेतला. लेक फासे टाकते, येतील तेवढे दाणे घालते, खोका भरला की दुसरा घेते. मध्येच मी विचारते, "दहा व्हायला किती हवेत?" ती मोकळे खळगे बघून सांगते, बोटं मोजत नाही.

त्या मंगळवारी जेवणानंतर तिचे दोन खोके भरत आले होते, शेवटचा एकच खळगा रिकामा होता. मी म्हटलं, "हे एकोणीस. एकोण म्हणजे एक उणा. वीसला एक उणा." ती त्या खळग्याकडे बघत राहिली. मग स्वतःच तो खळगा भरला, तिसरा खोका ओढला, त्यात नऊ दाणे घातले आणि ओरडली, "एकोणतीस!" चौथ्यावर एकोणचाळीस. 'दोन दहा नऊ' म्हणताना तो रिकामा खळगा शब्दात कुठेच नसतो. आपल्या शब्दात तो आहे, आणि इतकी वर्षं मी नुसतंच पाठ म्हणत होते. (नव्व्याण्णव मात्र या नियमात बसत नाही. तेवढे खोकेही नाहीत आमच्याकडे.)

वेल्शलाही जुनी, विसाविसांनी मोजायची पद्धत आहे. त्यात अठराला 'दैनाउ' म्हणतात, म्हणजे दोनदा नऊ. वय आणि वेळ सांगताना लोक ती अजून वापरतात, आणि शाळेत दहांची सोपी पद्धत शिकवतात. दोन्ही नांदतात. म्हणून आता मीही सत्तेचाळीस म्हटल्यावर लगेच 'चाळीस सात' म्हणते. यात मराठी बिघडत नाही, असं मी स्वतःला बजावते.

रविवारी पॅनकेकसाठी वाटीने पीठ मोजताना तिला दीड आणि अडीच सांगितलं. इंग्रजीत यांना एकेक सुटा शब्द नाही हे कळल्यावर ती सोमवारी शाळेत बाईंना शिकवून आली.

काल आईने कॉलवर परातीत चिंचोके मांडले होते. "ओळख किती," म्हणाली. लेकीने इकडे दोन खोके पुढे ओढले आणि म्हणाली, "आजी, आधी दहा-दहाच्या ओळी कर ना, मला खळगे दिसत नाहीयेत."